झोपेचा कारभार

दिवसभरात माणूस जे जे करतो त्याचा कुठे ना कुठे हिशेब द्यावा लागतो. खाल्लेलं साखरेच्या रिपोर्टात उतरतं, बोललेलं नातेवाइकांच्या लक्षात राहतं, खर्चलेलं पासबुकात दिसतं. झोप तेवढी बिनहिशेबी. उशीला डोकं टेकावं आणि सहासात तास या जगातून रजा घ्यावी. अर्ज नाही, मंजुरी नाही, परत आल्यावर ‘काय केलंत इतका वेळ’ म्हणून कुणी विचारत नाही. आमच्या घराण्यात तर चट्‌कन झोप लागणं हा गुणच मानला जाई. ‘याचं काय, पाठ टेकली की घोरायला लागतो,’ असं आई पाहुण्यांना सांगायची तेव्हा तिच्या आवाजात जो अभिमान असायचा, तो माझ्या मॅट्रिकच्या मार्कांच्या वाट्याला कधी आला नाही.

त्या बिनहिशेबी झोपेचा आता रीतसर कारभार सुरू झाला आहे. रात्री दहाच्या सुमाराला माझ्या उशाशी दरबार भरतो. मधोमध एक करडं यंत्र, त्याच्या कुशीत पाण्याची पारदर्शक टाकी, यंत्रातून निघालेली सहाफुटी नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा सिलिकॉनचा मास्क आणि तो डोक्यामागे आवळायचे पट्टे. शेजारी डिस्टिल्ड वॉटरची बाटली, नाकात मारायचा फवारा, सात वारांची सात झाकणं असलेली गोळ्यांची डबी, चष्मा, टॉर्च. पूर्वी इथे पाण्याचा तांब्या आणि एखादी कादंबरी असे. तांब्याची जागा टाकीने घेतली. कादंबरीची जागा औषधाच्या खोक्यातून निघणाऱ्या त्या अनंत घड्यांच्या कागदाने घेतली आहे. त्यातही पात्रं पुष्कळ असतात, आणि बहुतेकांची कहाणी शेवटी यकृतापाशी जाऊन थांबते.

आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. फेब्रुवारी 2022 मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचलं. आमच्याकडे ते असं पोचलं, की बायकोने बातमीभोवती पेनाने चौकट केली आणि पेपर माझ्या चहाशेजारी ठेवला. बोलली काही नाही; तिचं बोलून झालेलं होतं. मी घोरतो याबद्दल तिची तक्रार कधीच नव्हती. घोरता घोरता मी मध्येच थांबतो, ते तिला सोसवत नसे. आवाज चढत चढत जातो, टिपेला पोचतो आणि एकदम बंद. छाती हलते, पण नाकाशी वारा नाही. ती वाट बघते. मग डोहात बुडालेला माणूस वर यावा तसा मी एक आचका देऊन श्वास घेतो, पुन्हा खालच्या षड्जापासून सुरुवात करतो, आणि सकाळी ‘काय गाढ झोप लागली’ म्हणत चहा मागतो.

यातली मौज अशी, की झोप आपली असली तरी तिची माहिती आपल्याकडे नसते. स्वतःच्या झोपेविषयी माणसाला जे ठाऊक असतं ते सगळं ऐकीव, आणि ऐकीव पुराव्याकडे कोर्टसुद्धा संशयानेच बघतं. त्यातून मी बँकेत नोकरी केलेला. सही-शिक्क्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची सवय नाही. तेव्हा सही-शिक्क्यासाठी एक रात्र दवाखान्यात झोपायला गेलो. डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, पोटऱ्यांना चिकट मलम लावून तारा डकवतात. छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. एवढी वायरिंग झाल्यावर सार्वजनिक मंडपसुद्धा रात्रभर जागा राहतो. पण पोरसवदा तंत्रज्ञ दिवा मालवता मालवता म्हणाला, ‘काका, आता अगदी घरच्यासारखं झोपा,’ आणि घराण्याचं नाव राखत मी झोपलोसुद्धा.

रिपोर्ट आला. तासाला 42. म्हणजे सरासरी दीड मिनिटाला एकदा माझा श्वास थांबत होता किंवा मंदावत होता. हा आकडा 5 च्या आत असला तर ठीक, 30 च्या वर गेला तर गंभीर. शिवाय श्वासाचं थांबणं किमान 10 सेकंदांचं असेल तरच ते नोंदतात. त्याहून छोटे थांबे पॅसेंजर गाडीच्या सिग्नलसारखे, खिजगणतीतच नाहीत. बायकोने रिपोर्ट हातात घेतला, चष्मा लावला आणि स्वतःचीच गुणपत्रिका वाचावी तसा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, ‘मी 40 म्हणत होते.’

डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून सगळं समजावलं. जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात. झोपेत ते सैलावतात, जीभ मागे सरकते, पडजीभ आणि तिच्या आसपासचा मऊ प्रदेश आत झुकतो. वाट अरुंद झाली की घोरणं, मिटली की शांतता. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, घसा उघडतो आणि आपल्याला पत्ता लागू न देता पुन्हा झोपी जातो. हे रात्रभर. बंद वाटेवर छाती ओढ घेत राहते, त्या ओढीने हृदयाचे कप्पे ताणले जातात, हृदयाला वाटतं शरीरात पाणी फार झालं, आणि ते मूत्रपिंडांना तसा निरोप धाडतं. मी रात्रीतून अनेकदा उठत होतो त्याचा दोष घरात सगळे जण वयाला आणि प्रोस्टेटला देत होते. एक गैरसमज, तोही हृदयाचा, आणि त्यापायी हेलपाटे मात्र पायांना.

दिवसा पेंग येते का, असं डॉक्टरांनी विचारलं. मुंबईच्या माणसाला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. डोंबिवली सोडलं की डोळे मिटायचे आणि भायखळ्याला आपोआप उघडायचे, ही तिथे अंगभूत कला समजतात. समोरच्या बाकावर चौघे, आपल्या बाकावर चौघे, आठही माना आपापल्या दिशांना कललेल्या. यात रोगी कोणता आणि नुसता दमलेला कोणता, हे धन्वंतरीला ओळखता यायचं नाही. ऑफिसात जेवणानंतर खातेवहीवर मान झुकली तर साहेब समजुतीने हसायचे, कारण त्यांचीही नुकतीच वर आलेली असायची. जिथे सगळं शहरच पेंगत प्रवास करतं तिथे हा आजार गर्दीत सहज मिसळून जातो.

हल्ली मला कुंभकर्णाविषयी आपुलकी वाटते. युद्धकांडात त्याला उठवायला गेलेल्या राक्षसांना त्याच्या श्वासाच्या वाऱ्यापुढे उभं राहता येईना, असं वाल्मीकींनी लिहिलं आहे. शंख झाले, नगारे झाले, अंगावरून हत्ती नेले, तेव्हा कुठे स्वारी हलली. सहा महिने झोपून उठलेला हा माणूस ताजातवाना दिसत नाही. आधी जांभई देतो, मग खायला मागतो. माझी रविवारची सकाळ साधारण अशीच जाई. ब्रह्मदेवाच्या शब्दावर सगळं ढकलणं सोपं आहे, पण एखाद्या छातीच्या डॉक्टरने त्याची मान आणि पोट मोजलं असतं तर रामायणाला वेगळं वळण लागतं. त्याच्या बायकोचं नाव वज्रज्वाला, ते उत्तरकांडात येतं. तिच्या रात्रींविषयी मात्र मी कुठे काही वाचलेलं नाही.

आमच्या गुहागरकडच्या घरात आजोबा ओटीवर झोपत. मे महिन्यात आम्ही सगळी चुलत-आते-मामेभावंडं खळ्यात ओळीने पसरलेली असू. आजोबांचं घोरणं हा त्या रात्रींचा भाग होता, समुद्राच्या गाजेसारखाच. कुणी त्याबद्दल बोलत नसे. फक्त ते मध्येच थांबलं की आम्ही मुलं सावध व्हायचो आणि कुजबुजत आकडे मोजायला लागायचो. कोण किती आकड्याला आजोबा परततील, यावर दुसऱ्या दिवशीच्या आंब्यांच्या पैजा लागत. कधी आकडे फार वर गेले तर माजघराचं दार करकरे. आजी बाहेर येई. तिच्या बांगड्या वाजू नयेत म्हणून तिने त्या कोपराकडे सरकवलेल्या असत. ती आजोबांच्या खांद्याला दोन बोटं लावून म्हणे, ‘अहो, कुशीवर व्हा.’ आजोबा वळत, श्वास सुरू होई, आणि आम्ही हरलेले-जिंकलेले सगळे आंबे मनातल्या मनात वाटून घ्यायचो.

उताणं झोपल्यावर हा त्रास वाढतो आणि कुशीवर कमी होतो, हे आता छापील पत्रकात असतं. पाठीला चेंडू शिवून झोपायची युक्तीसुद्धा देतात, म्हणजे उताणं होताच टोचून जाग यावी. आजीला ते पत्रक मिळालेलं नव्हतं. आजोबा दिवसा झोपाळ्यावर पेपर तोंडावर घेऊन पेंगत, कीर्तनात बुवा ऐन रंगात आले की नेमके मान टाकत, आणि लोक म्हणत, वय झालं. दुपारी जेवणं आटोपली की आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पदर डोक्याखाली घेऊन पडायची, ती चहाच्या वेळेपर्यंत उठत नसे. तिला लोक म्हणत, बाई जरा झोपाळूच. घरात दोन माणसं दिवसा झोपत होती; एकाचं कारण दुसऱ्याच्या गळ्यात होतं, हे कुणाच्या ध्यानात यायला अजून पुष्कळ वर्षं जायची होती.

कारण त्या काळात जगात कुठेच यावर धड उपाय नव्हता. आजार फारच बळावला तर गळ्याला पुढून भोक पाडून श्वासाला वाट करून देत. 1980 मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी वेगळा विचार केला. झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वासावर त्यांचं काम झालेलं होतं. आता त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटार घेतली, नळी रोग्याच्या नाकाला जोडली आणि ज्या पंख्याने जगाची धूळ ओढायची त्याला रात्रभर फुंकर घालायला लावलं. आत जाणाऱ्या हवेच्या दाबाने घसा उघडा राहिला आणि रोगी झोपला. पुढल्या वर्षी, 1981 मध्ये, ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा वृत्तान्त आला. सुरुवातीचे मास्क म्हणे रोज रात्री नाकाला चिकटवावे लागत. ते वाचल्यापासून माझ्या पट्ट्यांविषयी मी तक्रार करत नाही.

या फुंकरीचा दाब मोजतात सेंटिमीटर पाण्यात. यंत्र 4 पासून 20 पर्यंत जातं. माझा मुक्काम साधारण 9 वर असतो. हे 9 सेंटिमीटर म्हणजे किती, याचा मी एकदा स्वयंपाकघरात जाऊन अंदाज घेतला. रोजचं स्टीलचं फुलपात्र जवळजवळ काठोकाठ भरा. त्याच्या तळाशी पाण्याचा जेवढा भार असतो, तेवढा. बस. माझ्या घशात रात्रभर जो संग्राम चालायचा तो मिटवायला फुलपात्राच्या तळाएवढा जोर पुरतो, हे कळल्यावर हायसं वाटावं की जरा अपमान वाटावा, याचा निर्णय अजून झालेला नाही.

यंत्र तसं शिष्टाचार पाळणारं आहे. सुरुवातीला हळू वाहतं, झोप लागेल तसं चढतं. श्वास सोडताना दाब किंचित कमी करून ‘आधी आपण’ म्हणतं. मास्कचं मात्र तसं नाही. मास्क मानी असतो. पट्टा सैल ठेवला तर हवा डोळ्यांत फुर्रकन जाते, घट्ट केला तर नाकाच्या दांड्यावर असा वळ उठतो की सकाळी दूधवाल्याला वाटतं, घरात काही झालं. मग निघाली मिशी. मास्कची गादी ओठावरच्या कातडीला नीट चिकटायला हवी, आणि मध्ये केस आले की हवा तिथून वाट काढते. माझी मिशी वडिलांच्या वळणाची. तंत्रज्ञ मुलगा मोठ्या नाजुकपणे म्हणाला, ‘काका, मिशी ठेवायची का मास्क बदलायचा, घरी बोलून ठरवा.’ हल्लीची पिढी किती समंजस आहे! घरी बोलणं झालं. मिशी ओठाच्या कडेपासून दोन रेषा मागे हटली, मास्क एक माप मोठा आला, आणि तह झाला.

गोळ्यांचा मात्र तह होत नाही. तिथे चार दरबारांची राज्यं आहेत. रक्तदाबाचे डॉक्टर तीन गोळ्या देऊनही दाब हटत नाही म्हणून चौथीच्या विचारात होते; यंत्र लागल्यावर दाब थोडा उतरला, फार नाही, पण चौथीचा प्रस्ताव मागे पडण्याइतका. तिघींपैकी एक लघवी करवणारी. ती रात्री घेतली की दोनदा नळी सोडवून उठावं लागे, म्हणून तिची बदली सकाळच्या पाळीला झाली. फॅमिली डॉक्टरांनी फार पूर्वी, निवृत्तीच्या सुमाराला, झोपेची अर्धी गोळी दिली होती. छातीचे डॉक्टर ती पाहून ताठच बसले. ती घशाला आणखी सैल करते आणि मेंदूची दचकून उठायची सवय बोथट करते, दारूचंही तेच. पहारेकऱ्यालाच अफू दिल्यासारखं. ती एकदम सोडता येत नाही म्हणून अर्धीची पाव आणि पावाची पावली करत तिला निरोप दिला. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांची सर्दीची गोळी शिंका थांबवते, पण तोंडाला कोरड आणते. कोरडीवर उपाय म्हणून टाकीची आर्द्रता वाढवावी तर नळीत पाणी साचतं. नाक चोंदलं म्हणून गोळी बंद करावी तर तोंड उघडं पडतं आणि सगळी हवा तिथून पसार. शेवटी गोळीऐवजी फवारा आला.

हल्ली वजनाच्या इंजेक्शनची चर्चा आहे. टिर्झेपटाइड हे औषध डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत लठ्ठपणाबरोबर असलेल्या या आजारासाठी मंजूर झालं आणि मार्च 2025 मध्ये आपल्याकडच्या बाजारात आलं. आठवड्याला एक टोचणी. ते पोटाचा प्रश्न सोडवतं हे खरं, पण कारभाऱ्याच्या नजरेतून बघा. वजन उतरलं की तोच दाब जड होतो, हवा पोटात जाते, सकाळी ढेकरांची फेरी निघते. म्हणजे यंत्र खाली आणा. गाल बसले की मास्क सैल. म्हणजे नवं माप. रक्तदाब उतरला की चक्कर. म्हणजे गोळी कमी. तंबोऱ्याच्या चार तारा असतात आणि एक पिळली की बाकीच्यांकडे पुन्हा बघावं लागतं. माझ्या तंबोऱ्याला प्रत्येक तारेसाठी स्वतंत्र तज्ज्ञ आहे. चौघेही आपापल्या विषयात निष्णात, प्रत्येकाची तार सुरात. एकत्र कसं वाजतंय, हे ऐकायला त्यांच्यापैकी कुणीच रात्री घरी नसतो.

ते काम बायकोकडे आहे. तिने एक शंभरपानी वही घातली आहे. डावीकडे तारीख, मग गोळी, मग दाबाचा आकडा, आणि उजवीकडे ‘शेरा’. शेऱ्याच्या रकान्यात ‘पहाटे मास्क काढून ठेवला, मागितल्यावर चिडले’, ‘फुस्स आवाज डावीकडून’, ‘स्वप्नात कुणाला तरी व्याजाचा दर सांगत होते’ अशा नोंदी असतात. यंत्रालाही स्वतःची वही आहे. ते रोज सकाळी फोनवर मला गुण देतं, किती तास वापरलं, हवा किती गळली, तासाला किती थांबे. हल्ली थांबे 2-3 वर असतात. पण डॉक्टरांपुढे दोन्ही कागद ठेवले तर ते आधी शंभरपानी वही उघडतात, हे मी पाहिलं आहे. थंडीत नळीच्या आत दव धरायला लागलं आणि रात्री नाकावर थेंब पडू लागले तेव्हा तंत्रज्ञाने नळीला कापडी खोळ घालायला सुचवलं. बायकोने जुन्या इरकली लुगड्याची शिवली. सहा फूट लांब, मनगटाएवढी अरुंद, आणि काठ वाया जाऊ नये म्हणून तो बरोबर वरच्या बाजूने नेलेला. तेव्हापासून माझा प्राणवायू काठापदराचा झाला आहे.

उपायांना तोटा नाही. 2006 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्वित्झर्लंडच्या मंडळींचा अभ्यास आला: डिजरिडू नावाचं ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांबलचक फुंकवाद्य रोज वाजवलं तर घशाचे स्नायू बळकट होतात आणि त्रास कमी होतो. पुढे 2017 मध्ये या संशोधनाला इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं. 2025 मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी तेच काम शंखाकडून करून घेतलं. 30 रोगी, काहींनी सहा महिने शंख फुंकला, काहींनी नुसते दीर्घ श्वास घेतले, आणि शंखवाल्यांची दिवसाची पेंग बरीच उतरली. माझ्या मनात देव्हाऱ्यातला शंख आला. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे सहज विषय काढला. ते म्हणाले, ‘तुम्ही शंख फुंका, पण मग चारी मजले तुमच्या नावाने शंख करतील.’ तूर्त मी यंत्राशीच एकनिष्ठ आहे.

यंदा गणपतीला गावी जाताना यंत्राची स्वतंत्र पिशवी होती. नळी, खोळ, डिस्टिल्ड वॉटर आणि लाइट गेली तर म्हणून बॅटरी. पहिल्या रात्री ओटीवर अंथरुणं पडली. मास्क लावून नळी सरळ करतो आहे तोच पुतण्याची धाकटी मुलगी दारात उभी राहिली, माझ्याकडे बघितलं, आत मखराकडे बघितलं, आणि ‘अजून एक आले’ असं घरभर सांगत पळाली. चुलतभाऊ अण्णा पोट धरून हसले. मग ते माझ्या शेजारी उताणे झाले आणि घराण्याचं नाव राखत दोन मिनिटांत घोरायला लागले.

मध्यरात्री पावसाने वीज घेतली. बॅटरी पहाटेपर्यंत पुरली, मग तीही थकली. मी मास्क काढून कुशीवर झालो आणि जागाच राहिलो. शेजारी अण्णांचा आवाज चढला, टिपेला पोचला आणि थांबला. माझ्या तोंडून नकळत आकडे सुरू झाले. लहानपणी यात पैजेची मजा होती. आता आकडा वीसच्या पुढे गेला तसं माझ्याच छातीत काही आवळलं. उठून त्यांना हात लावणार तोच माजघराच्या दाराशी मोबाइलचा उजेड हलला. वहिनी उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी आचका देऊन श्वास घेतला, आणि त्या आत गेल्या. मी जागा आहे हे त्यांना दिसलं नाही. ही सगळी ये-जा इतकी सरावाची होती, की त्यांनी दारातला पाटसुद्धा अंधारात न बघता ओलांडला.

सकाळी आम्ही चहाला बसलो तेव्हा अण्णा खुशीत होते. ‘काय गाढ झोप लागली,’ ते म्हणाले. वहिनी जांभई दाबत उकड काढत होत्या. ‘आमच्या हिला मुळी झोपच कमी,’ अण्णांनी मला समजावून सांगितलं, ‘लग्न झाल्यापासून बघतोय.’ ते आंघोळीला गेल्यावर वहिनींनी परात पुढे ओढली, माझ्या पिशवीकडे मानेने खूण केली आणि विचारलं, ‘भावोजी, केवढ्याला पडतं हो हे?’

मी आकडा सांगितला. तीस-चाळीस हजारांच्या पुढेच. त्या काही बोलल्या नाहीत, नुसती उकड मळत राहिल्या. यंदाच्या आंब्यांचा आणि सुपाऱ्यांचा हिशेब त्यांच्या डोळ्यांत चाललेला दिसला. मी म्हणालो, ‘वहिनी, यंत्राचं नंतर. आधी तपासणी लागते. हल्ली घरीसुद्धा करतात, बोटाला आणि नाकाला लावून रात्रभर. त्याचा रिपोर्ट आला, की मग डॉक्टर ठरवतात.’

‘रिपोर्ट कशाला हवा?’ वहिनी म्हणाल्या. ‘मला विचारा की. सांगते सगळं, लिहून घ्या.’

माझ्या बायकोने शंभरपानी वहीतलं कोरं पान फाडून माझ्यापुढे ठेवलं. वहिनींनी हात पुसले, आणि रिपोर्ट सुरू झाला.